डावीकडची सीट

कुमुदकाकूंच्या घरात शिरायचं तर आधी डॉक्टरांना बाजूला सारावं लागायचं. डॉक्टर म्हणजे काकूंचे यजमान, डॉ. टिपणीस. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा तपकिरी लोकरी ओव्हरकोट हॉलवेतल्या खुंटीवर होता तिथेच होता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली ती जुनी, भिंतीला भिंत लागलेली टेरेस्ड घरं, हॉलवे एवढा अरुंद की दार उघडलं की कोट थेट तोंडावर. आतून काकूंचा आवाज यायचा, "डॉक्टरांना जरा सरकव आणि ये आत. बूट काढ." चॅरिटी शॉपवाल्या बाई दर हिवाळ्यात विचारून जायच्या. काकू त्यांना चहा द्यायच्या, जुन्या बेडशीट्स द्यायच्या, हवं तर क्रॉकरीही द्यायच्या. कोट देत नसत.

मी त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचो. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला आलेला, व्हिसा कंपनीच्या हातात आणि डोकं कुणाच्याच हातात नाही, अशा अवस्थेतला. पहिल्याच आठवड्यात काकूंनी वालाच्या बिरड्याचा डबा पाठवला. मी तो खाल्ला, लिक्विडने घासला, चकचकीत केला आणि परत नेऊन दिला. काकूंनी झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"रिकामा?"

"स्वच्छ धुतलाय काकू."

"ते दिसतंय. पुण्याला भांडं रिकामं परत देतात वाटतं?"

मी मुकाट्याने घरी गेलो. घरात होतं काय, तर क्रिस्प्सचं अर्धं पाकीट. ते डब्यात ओतून आणून दिलं. काकूंना ते चाललं. आत काय आहे याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. भांडं रिकामं जायचं नाही, एवढंच. हा नियम काकू त्या डब्यालाच लावून थांबल्या असत्या तर मला आज हे लिहायचं कारण पडलं नसतं.

डॉक्टरांना मी पाहिलेलं नाही. पण काकूंच्या गाडीत बसलं की ते भेटायचे. ऑर्थोपेडिक सर्जन माणूस, अख्ख्या वॉर्विकशरची मोडलेली हाडं सांधली, पण इकडची ड्रायव्हिंग टेस्ट ते कधी पास झाले नाहीत. दर वेळी एक्झॅमिनरशी वाद घालून यायचे. मुंबईत आपण कशी चालवायचो हे ते राउंडअबाउटमध्ये शिरता शिरता त्याला समजावून सांगत. शेवटी काकूंनीच लायसन्स काढलं आणि डॉक्टर जन्मभर डावीकडच्या सीटवर बसले. बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. गाडी काकू चालवायच्या आणि ब्रेक डॉक्टर दाबायचे. डावीकडे ब्रेक नसतो, ही बाब त्यांनी कधीच मान्य केली नाही. त्या जुन्या गाडीतल्या डावीकडच्या मॅटला, उजवा पाय येतो नेमक्या त्या जागी, घासून घासून भोक पडलं होतं. काकू नव्या माणसाला ते मुद्दाम दाखवायच्या.

"किती वेळा सांगितलं, अहो, तिथे ब्रेक नाही. तर म्हणायचे, तुझा लागला नाही तर?"

"मग?"

"मग काय. माझा राग राग व्हायचा. एवढी वर्षं चालवतेय, ह्यांचा विश्वास नाही म्हणजे काय."

मग हलिना आली. युक्रेनमधून आलेल्या लोकांना घरात जागा द्या, अशी योजना निघाली तेव्हा आमच्या गल्लीत बऱ्याच चर्चा झाल्या, बऱ्याच खिडक्यांना निळे-पिवळे झेंडे लागले, आणि खोली दिली ती काकूंनी. हलिना चाळिशीची, तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. इथे एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांच्या गाद्या बदलायची. काकूंनी तिला पहिल्या दिवशी डब्याचा नियम शिकवला आणि दुसऱ्या दिवशी वाल सोलायला बसवलं. दोन्ही गोष्टी तिने काहीही न विचारता आत्मसात केल्या. ज्यांच्या मागे घर पडलेलं असतं त्यांना बहुधा फार प्रश्न पडत नाहीत. महिन्याभरात ती "चला" आणि "बास" हे शब्द अचूक जागी वापरायला लागली.

वाल सोलण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं वालाच्या परातीभोवतीच घडलं. काकूंकडे महिन्यातून एका रविवारी भिशी असायची. इथल्या मराठी मंडळातल्या आठ-दहा जणी जमायच्या. सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी निघेल तिने उचलायचे. त्यात पुरुष नव्हते. मला प्रवेश मिळाला तो लांबच्या बायकांना गाडीने आणणारा-सोडणारा म्हणून. काकूंना आता हायवेवर चालवायला नको वाटायचं. टेबलावर मोड आलेले वाल कोमट पाण्यात पडलेले असायचे आणि येणाऱ्या प्रत्येकीने बोलता बोलता ते सोलायचे. रिकाम्या हाताने बोलणं काकूंना आवडत नसे.

अशाच एका भिशीला हलिनाच्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. आंद्री त्याचं नाव. लढाईत जखमींना मागे आणणाऱ्या तुकडीत तो मेडिक होता. हलिनाने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आणि तो काय सांगतोय ते ती मोडक्या इंग्रजीत आम्हाला सांगायला लागली. त्यांची व्हॅन जळाली होती. माणसं वाचली होती, व्हॅन गेली होती. आता जखमींना आणायला गाडीच नव्हती.

"मग मागायची ना," स्नेहल म्हणाली. स्नेहल बर्मिंगहॅमला एका बँकेत होती, रिस्क डिपार्टमेंटमध्ये, आणि प्रत्येक गोष्टीतली रिस्क तिला सगळ्यांच्या आधी दिसायची. "रोज न्यूजमध्ये अब्जांचे आकडे येतात. एवढं सगळं जातंय कुठे?"

हलिनाने भावाला विचारलं. तो हसला. म्हणाला, येतं, मोठं मोठं येतं. पण शेतातून स्ट्रेचर आणायला रणगाडा चालत नाही. त्याला हवा जुना पिकअप. डिझेल, फोर-व्हील ड्राइव्ह, चिखलातून निघणारा. अशा गाड्याही वरून मिळतात, पण मागणाऱ्यांची रांग मोठी. म्हणून मग आम्हीच आमच्या पगारातून काढतो, कुणाची बहीण पाठवते, कुणाचं गाव गोळा करतं, आणि जमतील तसे घेतो. ज्या तुकडीला जास्त गरज तिला आधी.

काकूंनी वाल सोलायचं थांबवलं. "म्हणजे भिशीच की."

मला हसू आलं. इतके दिवस मी युद्धावरचे पॉडकास्ट ऐकत होतो, जागतिक राजकारणावर ऑफिसात मतं देत होतो, सप्लाय चेन हा शब्द तर येता-जाता तोंडात. जगातली मोठमोठी सरकारं यात उतरली आहेत आणि सैन्याचा गाडा शेवटी चालतो तो बहिणींच्या भिशीवर, हे मला एकाही पॉडकास्टने सांगितलं नव्हतं.

"या महिन्याची चिठ्ठी काढायची नाही," काकू म्हणाल्या. "अडलेल्याला भिशी आधी. हा आपला नियम आहे की नाही?"

नियम होता. पण त्या महिन्यात उरलेल्या चिठ्ठ्यांत स्नेहलची चिठ्ठी होती आणि तिचं नवीन किचन अर्धं उघडं पडलेलं होतं.

"काकू, ते मेंबर नाहीत आपले."

"हलिना आहे ना. दर वेळी सोलते. तू तर बोलण्याच्या नादात अर्धे सालासकट टाकतेस."

स्नेहलने पुढचा वाल नीट सोलला. किचन तीन महिने तसंच राहिलं. नंतर ती त्यावरून काकूंना टोमणे मारायची, पण पैसे परत मागितले नाहीत.

गाडी घ्यायला मी आणि काकू लेमिंग्टनच्या पुढे एका फार्मवर गेलो. काकूंना गाड्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि त्याचा त्यांना जराही संकोच नव्हता. त्यांनी पिकअप घेतला तो बाजारात मासळी घेतात तसा. आधी लांबून एक फेरी मारली. मग दरवाजाच्या खालचा पत्रा बोटाने दाबून बघितला. मग मला म्हणाल्या, "कल्ले उघड." मी बॉनेट उघडलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं. तो वास इंजिनाचा नव्हता, मागे नेलेल्या मेंढ्यांचा होता. पण शेतकरी बिचारा घाबरला.

"शी रन्स लव्हली, लव्ह," तो म्हणाला.

काकूंनी किंमत विचारली. त्याने सांगितली. काकू काही न बोलता आमच्या गाडीत जाऊन बसल्या. मी पण बसलो.

"स्टार्ट कर," त्या म्हणाल्या. "गिअर टाकू नकोस."

मी इंजिन चालू करून बसलो. आरशात शेतकरी दिसत होता. थोडा वेळ तो उभा राहिला, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि चालत आला. काकूंनी काच अर्धीच खाली केली. हा प्रकार दोनदा झाला. माझ्या कानशिलांपर्यंत लाज चढली होती. मंडईत मला आई घेऊन जायची तेव्हासुद्धा एवढी चढली नव्हती.

व्यवहार झाल्यावर त्याने चहा दिला आणि विचारलं, काय पाळता, मेंढ्या की घोडे? काकू म्हणाल्या, "नो नो, इट्स गोइंग टु द वॉर." लेस्टरला जाणार आहे, असं सांगावं त्या सुरात.

शेतकरी हातातला कप ठेवून उठला. मग शेडमध्ये गेला आणि चार चांगले टायर लोटत लोटत घेऊन आला. आधी सांगायचं होतंत, म्हणाला, मी एवढं ताणलं नसतं.

परत येताना मी काकूंना तेच विचारलं. आधी सांगितलं असतं तर स्वस्तात मिळाली असती.

"मिळाली असती," काकू म्हणाल्या. "आणि क्लच गेलाय का ते त्याने सांगितलं नसतं. दान म्हटलं की लोक मोडकं देतात रे, आणि वर आपल्यालाच लाज वाटते तपासायची. विकत घेताना बोलता येतं."

क्लच खरंच ठीक होता. हीटर मात्र एकदा चालू केला की बंद व्हायचा नाही आणि मेंढ्यांचा वास शेवटपर्यंत गेला नाही. काकू म्हणाल्या, तिकडे थंडी आहे, आणि वास काय, ताजा आहे.

इकडे काही रिटायर्ड मंडळी होती. पोस्टमन, फायरमन, एक शाळामास्तर. ती अशा गाड्या जमवून ताफ्याने पोलंडमार्गे पोचवून यायची. आमची गाडी त्यांच्याबरोबर निघणार ठरलं. मग काकूंनी तिचं रुखवत काढलं. हा शब्द त्यांचाच. "सासरी निघालीय, रिकामी कशी पाठवायची?" मागे ब्लँकेटं गेली, रक्त थांबवायचे पट्टे गेले, हलिनाने केअर होममध्ये मागून आणलेली स्ट्रेचरची चाकं गेली, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत चिवड्याच्या पिशव्या गेल्या. शाळामास्तर म्हणाले, मॅडम, वजन वाढतंय. काकू म्हणाल्या, पोह्यांना वजन नसतं.

निघायच्या सकाळी पूजा. टायरखाली लिंबं, बॉनेटवर हळद-कुंकू, नारळ. गल्लीतले शेजारी चहाचे मग घेऊन बघायला उभे. काकूंनी करंगळीच्या शेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर एक उभी रेघ काढली. मग एक आडवी. मग उभीच्या टोकाला बोट नेऊन ते वळवणार, एवढ्यात हलिना ओरडली, "काकू, बास. बास."

बोट हवेतच थांबलं. माझ्याही तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. युक्रेनच्या सैन्याला चाललेली गाडी, तिच्या कपाळावर लाल स्वस्तिक, आणि समोर सगळे शेजारी फोन काढून उभे. ते चित्र एकदा बाहेर पडलं असतं तर कुणाकुणाला खुलासे देत बसावे लागले असते, देव जाणे. आंद्रीला तर नक्कीच.

"अगं बाई. हो की," काकू म्हणाल्या. त्यांचं निम्म्याहून अधिक आयुष्य या देशात गेलेलं. त्यांना काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. "त्या मेल्या नाझींनी आमची पंचाईत करून ठेवलीय," त्या पुटपुटल्या आणि बोट पदराला पुसलं. बॉनेटवर राहिली एक लाल फुली.

रिटायर्ड फायरमनने मान डोलावली. "क्रॉस. मेडिकल. व्हेरी गुड," तो म्हणाला. हलिना आधी हसायला लागली आणि मग गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत रडत होती.

गाडी पोचली. पुढच्या भिशीला आंद्रीने ती फोनवर दाखवली. हिरवा रंग मारला होता, फुली रंगाखाली गेली होती, चिवडा संपला होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने कॅमेरा मागे फिरवला. मागे लांबट लाकडी पेट्या रचलेल्या होत्या.

"ते काय आहे?" स्नेहलने विचारलं.

हलिनाने विचारलं. मग ती घुटमळली. तिला खोटं सांगता आलं असतं, ब्लँकेटं आहेत म्हणाली असती तर आमच्यातल्या कुणाला कळणार होतं? पण ती खोटं बोलली नाही. येताना जखमींना आणतात, जाताना तोफगोळे नेतात. गाडी एकच आहे. रिकामी कशी न्यायची?

पाण्यात वालांची सालं तरंगत होती.

"काकू, मी यासाठी पैसे दिले नव्हते," स्नेहल म्हणाली. "मला वाटलं अँब्युलन्स आहे. आपण सगळ्यांनी तसंच समजून दिले."

"मीही तसंच समजले," काकू म्हणाल्या.

"मग? आता काय?"

काकू बराच वेळ सोलत राहिल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी धीराचं बोलतील. वयस्कर माणसं अशा वेळी बोलतात. काकू म्हणाल्या, "मला नाही माहीत. गाडी रिकामी जाऊ नये हे मीच सांगत आले जन्मभर. आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा, जाताना रिकामी ने?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुला भिशी सोडायची तर सोड. मी काही म्हणणार नाही. एवढे वाल संपवून जा."

स्नेहलने वाल संपवले. भिशी सोडली नाही. पण त्या दिवसापासून तिचे पैसे वेगळे, फक्त पट्ट्या आणि औषधं. काकूंनी ते मान्य केलं, आणि दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या कॉलवर वातावरण हलकं करायला की काय, आंद्री म्हणाला, तुमच्या इंग्लंडच्या गाड्यांचा एक फायदा आहे. स्टिअरिंग उजवीकडे. समोरचे नेम धरतात डावीकडे, त्यांना वाटतं ड्रायव्हर तिथे असणार. तो हसला. मीही हसलो, पुरुषांनी अशा विनोदाला हसायचं असतं म्हणून.

काकू हसल्या नाहीत. "आणि डावीकडे कोण बसतं?"

हलिनाने विचारलं नाही. तिला उत्तर माहीत असावं. काकूंनी स्वतःच फोनकडे वाकून इंग्रजीत विचारलं.

"मी," आंद्री म्हणाला.

"मागे बस."

बसता आलं असतं, तो म्हणाला. येताना मागेच बसायला हवं, जखमींजवळ. पण डावी सीट रिकामी दिसली की समोरच्याला कळतं की ड्रायव्हर दुसरीकडे आहे. कुणीतरी दिसावं लागतं तिथे.

त्या संध्याकाळी मी माझा डबा परत द्यायला गेलो. दार उघडलं तर कोट तोंडावर आला नाही. खुंटी मोकळी होती. काकू जेवणाच्या टेबलाशी उभ्या होत्या आणि कोट टेबलावर आडवा होता. त्या त्यात उशा भरत होत्या. एक उशी जुनी, कडेला निळी वेलबुट्टी असलेली. ती त्यांनी छातीच्या जागी भरली आणि बटणं लावली. बाह्यांत टॉवेलच्या गुंडाळ्या. डोक्यासाठी फुटबॉल, त्यावर डॉक्टरांची माकडटोपी.

"खांदे पडतायत का रे?" त्यांनी विचारलं.

"थोडे."

"त्यांचे पडायचेच."

मी खांद्यांत वर्तमानपत्रं भरायला मदत केली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात कामात होते.

पुढच्या ताफ्यातली एक गाडी रिटायर्ड पोस्टमन घेऊन जाणार होता. आंद्रीपर्यंत पोचवायचा म्हणून काकूंनी कोट त्याच्या डावीकडच्या सीटवर बसवला आणि सीटबेल्ट लावला.

"शांत माणूस दिसतोय," पोस्टमन म्हणाला.

"आता आहेत," काकू म्हणाल्या.

नंतर आंद्रीचा फोन काही दिवस आला नाही. मग आणखी काही दिवस आला नाही. आधीही असं व्हायचं, पण या वेळी हलिना धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. काकूंनी भिशी नसताना वाल भिजवले आणि आम्हाला दोघांना सोलायला बसवलं. मला ऑफिसची मीटिंग होती, मी ती कॅमेरा बंद करून सोलता सोलता केली.

फोटो आला तेव्हा आम्ही तिघं टेबलाशीच होतो. समोरून काढलेला पिकअपचा फोटो. डावीकडे काचेला भोक आणि त्याभोवती जाळं. आत डॉक्टर, माकडटोपीसकट, बेल्ट लावून ताठ बसलेले. कोटाच्या खिशाजवळ भोक पडलं होतं आणि उशीतला कापूस बाहेर आला होता. खाली दोन ओळी. हलिनाने त्या वाचल्या, फोन छातीशी धरला आणि खुर्चीत बसली. आंद्री मागे होता, जखमींजवळ. काचा लागल्या होत्या थोड्या. ड्रायव्हरला काही झालं नव्हतं. मागचे दोघे हॉस्पिटलला पोचले होते.

काकूंनी चष्मा लावून फोटो बघितला. बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"लागलं त्यांना," त्या म्हणाल्या.

मी काही बोलणार होतो, पण त्यांनी हात वर केला. चष्मा काढला. मग ओठाच्या एका कोपऱ्यात थोडं हसू आलं आणि तिथेच राहिलं.

"जन्मभर नसलेला ब्रेक दाबत बसले," काकू म्हणाल्या. "एकदाचा लागला."

तिकडे त्यांनी कोट शिवून पुन्हा सीटवर बसवला, असं नंतर कळलं. तुकडीत त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. हे नाव आम्ही सांगितलं नव्हतं. मेडिकलची गाडी, म्हणून त्यांचं त्यांनी ठेवलं असणार.

खुंटी काकूंनी रिकामी ठेवली नाही. हलिनाचं जॅकेट तिथे टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, "मास्तरीणबाईंना सरकव आणि ये."

पुढच्या वर्षी काकूंची नजर अधू झाली. लायसन्स त्यांनी स्वतःच परत केलं, कुणी मागायच्या आत. आता भाजी आणायला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे मी नेत होतो, आणि काकू माझ्या डावीकडे बसत होत्या. पहिल्याच दिवशी रिंग रोडवर लॉरी आडवी आली आणि माझ्या लक्षात आलं की शेजारी कुणीतरी जोरात पाय आपटलाय.

"काकू, तिथे ब्रेक नाही."

"माहितेय." त्या पायाकडे बघत होत्या. पाय अजून दाबलेलाच होता. जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तसं नव्हतं रे ते. इथे बसलं की दुसरं करता काय येतं माणसाला?"

नंतर त्या कार्डिफला मुलीकडे राहायला गेल्या. घर हलिनाकडे सोपवलं. मीच त्यांना सोडायला गेलो. वाटेत त्यांनी इतके ब्रेक दाबले की सेव्हर्न नदीच्या पुलापर्यंत माझाच पाय दुखायला लागला. मुलीच्या घरी जेवण झालं, मी निघालो, आणि गाडीशी येऊन बघतो तर डावीकडच्या सीटवर डबा. त्याला सीटबेल्ट लावलेला.

"बिरडं आहे," काकू फाटकातून म्हणाल्या. "आणि डबा परत आणायला ये. रिकामा आणू नकोस."

"येतो काकू."

मी डबा परत न्यायच्या आधीच काकू गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा हलिना टेबलाशी वाल सोलत होती. तो डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा नसतो. कधी चिवडा असतो, कधी नुसते क्रिस्प्स.

पण कार्डिफहून निघताना मला यातलं काही माहीत नव्हतं. मी गाडी सुरू केली आणि जरा जोरातच त्या उतारावरून मुख्य रस्त्याकडे निघालो. वळताना आरशात बघितलं. काकू फाटकाला धरून उभ्या होत्या, नजर माझ्या गाडीवर, आणि त्यांचा उजवा पाय फुटपाथवर घट्ट दाबलेला होता.